खारीक कुठल्या झाडाची? २ मे २०२५ च्या बंदीत अडकलेला बेळगावचा एक कंटेनर

बेळगावच्या रविवार पेठेतला एक घाऊक किराणा व्यापारी. त्याचा माल निपाणी, चिकोडी, खानापूरला जातो आणि हद्द ओलांडून चंदगड-गडहिंग्लजपर्यंतही. खारीक हा त्याच्या दुकानातला बारमाही माल. लग्नसराईत ती ओटीत लागते, थंडीत डिंकाच्या लाडवात आणि भाद्रपदात गणपतीच्या पंचखाद्यात. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तो हिशेब धरून त्याने एप्रिलमध्येच दुबईच्या जबल अली मुक्त क्षेत्रातल्या एका पुरवठादाराकडे एक चाळीस फुटी कंटेनर सांगून ठेवला.

हा व्यापारी, त्याचा सौदा आणि सौद्यातले आकडे अभ्यासासाठी मांडले आहेत. कायदे, कलमे, अधिसूचना आणि निवाडे मात्र जसेच्या तसे आहेत.

सौदा असा: ५० किलोची ५६० पोती, म्हणजे २८ टन. दर न्हावा शेवा पोहोच किलोला ९० सेंट, एकूण २५,२०० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर २१ लाख ४२ हजार रुपये. त्यातले ३० टक्के, ७,५६० डॉलर (६,४२,६०० रुपये), आगाऊ पाठवले. उरलेले १७,६४० डॉलर कागद बँकेत आल्यावर द्यायचे होते. मालाचे वर्णन सौदापत्रात एवढेच: ‘ड्राय डेट्स, दुबई क्वालिटी’.

खरी चूक या तीन-चार शब्दांत आहे. पुढचे सगळे तिची फळे. ‘दुबई क्वालिटी’ हा उगमदेश नाही. जबल अली हे गोदामांचे आणि जहाजांचे ठिकाण आहे, खजुराची बाग नव्हे. खारीक म्हणजे झाडावर पूर्ण पिकण्याआधी, पिवळी आणि कडक असतानाच उतरवलेली, पाण्यात उकळून उन्हात वाळवलेली फळे. हे काम मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातल्या सिंधमध्ये, खैरपूर भागात चालते. तिथली ‘असील’ जात त्यासाठी प्रसिद्ध आहे. ओमानमध्ये ‘मबसली’ जातीची खारीक अशीच उकळून करतात आणि ती पूर्वापार भारतात येते. इराणचाही माल असतो. गुजरातेतल्या कच्छची ‘खारेक’ हे मात्र ताजे फळ. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण आपल्या ओटीतल्या खारकेशी नावापलीकडे तिचा संबंध नाही. गंमत म्हणजे कस्टम टॅरिफमध्ये कडक खजुराचे जे स्वतंत्र शीर्षक आहे, ०८०४ १० ३०, त्यात ‘छोहारा’ आणि ‘खारेक’ हे दोन्ही शब्द सरकारी इंग्रजीत तसेच ठेवले आहेत.

तेव्हा दुबईहून येणारी स्वस्त खारीक नेमकी कुठली, हे बाजारात कुणालाच ठाऊक नसते असे नाही. विचारायचे नसते, इतकेच.

बंदी कशी आली

भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध जाहीर झाले नव्हते. त्यामुळे ‘शत्रूशी व्यापार’ या जुन्या, युद्धकाळातल्या संरक्षण नियमांच्या भाषेत हे प्रकरण शोधू नये. १९६२ आणि १९७१ चे भारत संरक्षण कायदे आता लागू नाहीत. १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा आहे, पण तो मागे राहिलेल्या जमीनजुमल्याचा आणि शेअरचा विचार करतो, पोत्यांचा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ८३ युद्धात असलेल्या देशात राहून धंदा करणाऱ्याला आपल्या कोर्टात दावा लावू देत नाही, पण त्यालाही युद्ध हवे. आजची बंदी साध्या व्यापार कायद्याने येते: विदेश व्यापार (विकास आणि नियमन) कायदा, १९९२, कलम ३. कलम ३(२) खाली सरकार आयात रोखते. कलम ३(३) म्हणते की असा रोखलेला माल कस्टम कायद्याच्या कलम ११ खाली ‘निषिद्ध’ धरला जाईल. या एका दुव्याने वाणिज्य मंत्रालयाचा कागद कस्टमच्या हातातला दंडुका होतो.

क्रम असा. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामा. १५ ला भारताने पाकिस्तानला १९९६ पासून दिलेला व्यापारातला सर्वाधिक पसंतीचा दर्जा काढला. १६ ला पाकिस्तानी मालावर सरसकट २०० टक्के सीमाशुल्क, टॅरिफचे नवे शीर्षक ९८०६ ०० ००. त्या दिवसापासून कागदोपत्री पाकिस्तानी खारीक जवळपास संपली आणि बाजारात ‘दुबई’ वाढली. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाम. त्यानंतर अटारीची चौकी बंद. मग शुक्रवार, २ मे २०२५, विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना ०६/२०२५-२६: विदेश व्यापार धोरणात परिच्छेद २.२०ए घातला. पाकिस्तानात उगम असलेल्या किंवा पाकिस्तानातून निर्यात झालेल्या सर्व मालाची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आयात आणि वाहतूक तात्काळ, पुढील आदेशापर्यंत बंद. अपवाद हवा तर भारत सरकारची पूर्वमंजुरी. त्याच सुमारास पाकिस्तानी झेंड्याच्या जहाजांना भारतीय बंदरे बंद झाली आणि टपाल-पार्सलही थांबले.

या वाक्यातले तीन शब्द व्यापाऱ्याने पाटीवर लिहून ठेवावेत असे आहेत. ‘उगम’: माल कुठे भरला हे गौण, कुठे उगवला ते महत्त्वाचे. ‘किंवा’: दुसऱ्या देशात उगवून कराचीहून निघालेला मालही यातच. ‘अप्रत्यक्ष’: जबल अलीचा वळसा या शब्दाने झाकला जातो. पूर्वमंजुरी कशी दिसते तेही त्याच महिन्यात दिसले. अफगाणिस्तानचा सुकामेवा घेऊन खोळंबलेल्या दीडशेहून अधिक ट्रकना अटारीतून खास मुभा मिळाली. ती सरकारने दिली, नाक्यावरच्या अधिकाऱ्याने नव्हे.

बेळगावला व्यापारबंदी अगदीच नवी नाही. गोवा पोर्तुगीजांकडे असताना १९५० च्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि कॅसलरॉकहून खाली कुळेकडे जाणारी रेल्वे १९५५ मध्ये थांबली. तेव्हाची बंदी डोळ्यांना दिसत असे: घाट, फाटक, शिपाई. आताची बंदी कोगनोळी नाक्यावर दिसत नाही. ती पोत्याच्या आत असते.

शुक्रवार ते रविवार

आपल्या कंटेनरचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची शिपिंग कंपनीची पावती, २९ एप्रिलचे. जहाज न्हावा शेव्याला पोहोचणार ४ मेला, रविवारी. बंदी २ मेला, शुक्रवारी. म्हणजे माल समुद्रात असताना कायदा बदलला.

व्यापाऱ्याचा पहिला प्रश्न साहजिक आहे: माझा माल बंदीआधी निघाला, मग सूट नाही का? विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद १.०५ मध्ये संक्रमणाची सवलत आहे खरी. मात्र ती ‘अन्यथा सांगितले नसेल तर’ या अटीवर चालते, आणि तिचे आधार दोन: बंदीआधीच्या तारखेचे बिल ऑफ लेडिंग, किंवा बंदीआधी उघडलेले आणि मुदतीत नोंदवलेले अपरिवर्तनीय पतपत्र (बँकेची पैसे देण्याची हमी, म्हणजे ‘एलसी’). इथे अधिसूचनाच ‘तात्काळ’ म्हणते आणि प्रत्येक अपवादाला सरकारची पूर्वमंजुरी मागते. बिल ऑफ लेडिंग २९ एप्रिलचे आहे खरे, पण ‘तात्काळ’ या शब्दापुढे ते टिकेलच असे नाही. या आधारावर जहाज रिकामे करून घेणे म्हणजे जुगार.

दुसरा प्रश्न २०१९ चा दाखला काढून येतो. तेव्हा २०० टक्क्यांची अधिसूचना १६ फेब्रुवारीला रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी संकेतस्थळावर चढली. अटारीवर त्याच दिवशी त्याआधी बिल ऑफ एन्ट्री (कस्टमकडे भरायचा आयातीचा तपशील) भरलेल्यांकडून कस्टमने वाढीव शुल्क मागितले. सर्वोच्च न्यायालयाने जी. एस. चठ्ठा राईस मिल्स प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये सांगितले की अधिसूचना चढली त्या क्षणापासून लागू. आधी भरलेल्यांना जुना दर. हा निवाडा बाजारात फार फिरतो, पण चुकीच्या जागी. तो दराबद्दल आहे, बंदीबद्दल नाही. आणि तो ट्रकने आलेल्या मालाचा आहे. जहाजाच्या बाबतीत कस्टम कायद्याच्या (पुढेही नुसते ‘कलम’ आले तर ते याच कायद्याचे) कलम १५ च्या परंतुकाने, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीने, आगाऊ भरलेले बिलसुद्धा जहाजाच्या प्रवेशनोंदीच्या तारखेचे धरले जाते. आपल्या व्यापाऱ्याने १ मेला बिल भरले असते तरी हातात काही आले नसते.

तिसरी गोष्ट प्रश्न नाही, सल्ला आहे, आणि सर्वांत घातक आहे. पुरवठादाराचा मुंबईतला दलाल फोनवर म्हणतो, “शेठ, कागद सगळे दुबईचे आहेत. तुम्ही बिल भरा, बाकी माझ्यावर सोडा.”

कागद वाचणे

शनिवारी, ३ मेला, व्यापाऱ्याने तीन कागद मागितले.

दुबईच्या चेंबरचे उगम प्रमाणपत्र लगेच आले. देश: संयुक्त अरब अमिरात. यावर विसंबता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी निर्यातदाराचीच घोषणा असते. भारत-अमिरात करारातला (१ मे २०२२ पासून) सवलतीचा दर मागायचा असेल तर प्रकरण आणखी कडक होते. २०२० च्या उगम-नियमांनुसार आयातदाराकडे उत्पादनाची माहिती स्वतःची असावी लागते, आणि ‘प्रमाणपत्र आहे ना’ हे उत्तर कलम २८डीए खाली पुरत नाही.

दुसरा कागद कंटेनरची हालचाल. चार अक्षरे आणि सात आकडे शिपिंग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकले की प्रवास दिसतो. इथे दिसले: रिकामा कंटेनर जबल अलीत उचलला, तिथेच भरला, तिथेच जहाजावर चढला. कराचीचे नाव नाही. यातूनही निर्दोषपणा ठरत नाही. महसूल गुप्तचर संचालनालयाने जून २०२५ मध्ये ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’ खाली न्हावा शेव्यात ३९ कंटेनर पकडले, तेव्हा नेमकी हीच रीत उघड झाली: कराचीहून जबल अलीपर्यंत एका संचाच्या कंटेनर-जहाजांनी, तिथे माल बदलून दुसऱ्या संचाने भारतात. १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी, आणि त्यात खारीक. भागाकार करून पाहा: कंटेनरमागे साडेअठ्ठावीस टन, किलोला ८० रुपयांच्या आसपास. आपल्या प्रकरणातला भाव किलोला साडेशहात्तर रुपये पडतो. भाव पुरावा नसतो, पण तो दार ठोठावतो.

तिसरा कागद वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘फायटो’. तो पुरवठादार पाठवेना. दोनदा आठवण दिल्यावर रात्री आला, आणि तो पुनर्निर्यातीच्या नमुन्यावरचा होता. या नमुन्यात मूळ देशाचा रकाना असतो. तिथे लिहिले होते: पाकिस्तान.

इतर सगळे कागद व्यापारी खात्यांतून येतात; फायटो शेती खात्याकडून येतो आणि त्याला किडीची काळजी असते, सौद्याची नाही. म्हणून तो सहसा खरे बोलतो. खारीक, मनुका, अंजीर मागवणाऱ्याने आगाऊ रक्कम सोडण्याआधी फायटोचा मसुदा पाहावा. तो साध्या नमुन्यावर आहे की पुनर्निर्यातीच्या, एवढे पाहायला दोन मिनिटे लागतात.

चार वाटा

रविवारी जहाज लागले. आता व्यापाऱ्याला माहिती आहे, आणि ती माहिती आहे हे त्याच्या ई-मेलमध्ये कोरले गेले आहे. इथून पुढे ‘मला ठाऊक नव्हते’ ही ढाल गेली.

पहिली वाट जहाज लागण्याआधीची: शिपिंग कंपनीला सांगून उतरण्याचे बंदर बदलणे, कोलंबो किंवा परत जबल अली. ही सर्वांत स्वस्त. पण बिल ऑफ लेडिंगचे मूळ संच लागतात, पुरवठादाराची संमती लागते आणि कंपनी साधारण दोन-तीन दिवस आधी सूचना मागते. शुक्रवारी बंदी, रविवारी जहाज; वेळ निघून गेली. शुक्रवारीच फायटो हातात असता तर प्रयत्न करता आला असता.

दुसरी वाट काहीच न करणे. बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरायचे असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार चढतो. उतरल्यापासून ३० दिवसांत माल उचलला नाही तर कलम ४८ खाली बंदराचा ताबेदार तो विकायला काढू शकतो. मालावरचा हक्क सोडून देतो म्हणावे, तर कलम २३(२) चे परंतुक आडवे येते: ज्या मालाबाबत गुन्हा झाल्याचे दिसते त्यावरचा हक्क सोडता येत नाही. शिवाय मे महिन्यात बंद पत्र्याच्या डब्यात, पुढे पावसाळी दमटात खारकेला कीड लागते. गप्प बसणाऱ्याचा माल वाढत नाही, बिल वाढते.

तिसरी वाट दलालाची: उगम अमिरात लिहून बिल भरणे. माल सुटला तर पुढे पाच वर्षे डोक्यावर टांगती तलवार. पकडला गेला तर कलम १११(डी) आणि खोट्या वर्णनाबद्दल १११(एम) खाली जप्ती. कलम ११२ खाली मालाच्या किमतीएवढा दंड, म्हणजे २१,४२,००० पर्यंत. जाणूनबुजून खोट्या कागदाबद्दल कलम ११४एए खाली किमतीच्या पाचपट, १,०७,१०,००० पर्यंत. विदेश व्यापार कायद्याच्या कलम ११ खाली आणखी पाचपटीपर्यंत, शिवाय आयात-निर्यात कोड गोठतो. वर कलम १०४ ची अटक आणि १३५ चा खटला. वर सांगितलेल्या जूनच्या कारवाईत एका आयातदार फर्मचा भागीदार अटक झाला होता. हे सगळे एका कंटेनरमागे. आणि दलालाचे नाव कुठल्याच कागदावर नाही.

चौथी वाट कडू पण चालण्याजोगी: खरे लिहून देणे. सोमवारी, ५ मेला, कस्टम एजंटमार्फत बिल ऑफ एन्ट्रीत उगम पाकिस्तान लिहिला, फायटोची प्रत जोडली आणि उपायुक्तांना पत्र दिले: सौद्याच्या वेळी उगम सांगितला नव्हता, ३ मेला कळला, माल देशात नको, पुनर्निर्यातीची परवानगी द्यावी. माल अजून पाहिलेला नाही, तेव्हा आधी अधिकाऱ्यासमोर तपासणी, मग आकारणी, म्हणजे ‘फर्स्ट चेक’ मागितला. कलम ४९ खाली गोदामात ठेवण्याचा अर्जही त्याच दिवशी, कारण बंदरातले भाडे आणि कंटेनरचा रोजचा आकार हीच यातली खरी गळती असते.

याने काय साधते? उगम खरा लिहिल्याने १११(एम) आणि ११४एए बाजूला पडतात. उरते १११(डी) आणि ११२. नोटीस कलम १२४ ची येते, ती नको असे लेखी देऊन थेट सुनावणी घेता येते, म्हणजे महिने वाचतात. निषिद्ध मालाबाबत कलम १२५ खाली सोडवणुकीचा (रक्कम भरून जप्त माल सोडवून घेण्याचा) पर्याय द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. द्यायलाच हवा असे नाही. राज ग्रो इम्पेक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, मर्यादा मोडून आलेल्या वाटाण्याबाबत, संपूर्ण जप्ती योग्य ठरवली आणि हा विवेक किती कडक असू शकतो ते दाखवले. मात्र तिथे आयातदारांना माल देशात विकायचा होता. इथे मागणी माल बाहेर नेण्याची आहे. ती मान्य होण्याची शक्यता बरीच अधिक. पत्रात ‘देशांतर्गत वापर’ हे शब्द चुकूनही येऊ देऊ नयेत.

अपील करायचे तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत, दंडाच्या साडेसात टक्के आधी भरून. सोडवणुकीची रक्कम या टक्केवारीत धरत नाहीत. अपील जाते मुंबईला, कारण कारवाई न्हावा शेव्याची आहे. सीमावाद कुठल्या कोर्टात कितीही वर्षे चालो, या कंटेनरपुरता बेळगाव मुंबईतच.

खर्चाचा अंदाज, आदेश ४० दिवसांत मिळाला असे धरून: पाच दिवस मोफत, उरलेल्या ३५ दिवसांचे रोज ८,००० प्रमाणे २,८०,०००. पुनर्निर्यातीसाठी सोडवणूक २,००,०००. दंड १,००,०००. एजंट, तपासणी आणि परतीचे भाडे १,५०,०००. अडकलेली आगाऊ रक्कम ६,४२,६००. एकूण १३,७२,६००. आकडा मोठाच आहे, पण त्यात शून्ये वाढत नाहीत आणि त्याला तारीख आहे.

पैसे परत कसे

उरलेल्या १७,६४० डॉलरचे कागद बँकेत ‘पैसे देऊन घ्या’ या अटीवर आले होते. ते घेतले नाहीत, तर बँक जबरदस्ती करत नाही. इथे व्यापारी सुदैवी ठरला. पतपत्र असते तर अटींप्रमाणे जुळणारे कागद आले की बँकेने पैसे दिलेच असते. बँक कागद पाहते, पोती पाहत नाही. गंमत अशी की परिच्छेद १.०५ च्या सवलतीत पतपत्रवाल्याला जागा आहे आणि बुडण्याचा मोठा धोकाही त्यालाच.

आगाऊ रकमेसाठी आपल्या करार कायद्याची दोन कलमे उपयोगी: ५६, सौद्यानंतर कायद्याने अशक्य झालेला करार रद्द, आणि ६५, अशा करारात मिळालेला लाभ परत करणे. पण सौदापत्रात कुठला कायदा आणि कुठे लवाद हेच नसेल तर दुबईत जाऊन भांडणे ६ लाखांसाठी परवडत नाही. व्यवहार्य तोडगा असा: माल पुरवठादाराच्या नावे परत जातो, तो दुसऱ्या देशात विकतो, आणि परत जाणाऱ्या बिल ऑफ लेडिंगचा मूळ संच रक्कम आल्यावरच सुटतो. संच हातात असेपर्यंतच पुरवठादार फोन उचलतो.

बँकेच्या आयात-नोंद प्रणालीत ७,५६० डॉलर ‘पाठवले, माल नाही’ असे लाल दिसत राहतात. पुनर्निर्यातीचे शिपिंग बिल, कस्टमचा आदेश आणि परतीच्या रकमेची पावती देऊन ती नोंद बंद करून घ्यावी. हे विसरले तर दोन वर्षांनी दुसऱ्याच कंटेनरचे पैसे पाठवताना बँक अडवते, आणि तोवर जुन्या फाइलमधला माणूस बदललेला असतो.

दुकानातली आणि वाशीची पोती

कंटेनर हातचा गेला तरी गणपतीचा माल हवाच. दुकानात जानेवारीत घेतलेली ३ टन खारीक होती. ती विकता येते का? येते. बंदी आयातीवर आहे, २ मेपूर्वी रीतसर शुल्क भरून आलेल्या मालाच्या विक्रीवर नाही. मात्र ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडून मूळ बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी. जीएसटी बिलात आणि ई-वे बिलात उगमदेश नसतो. २७ ने (महाराष्ट्र) सुरू होणाऱ्या नोंदणीकडून २९ वाल्याने (कर्नाटक) माल घेतला एवढेच त्यातून कळते.

वाशीच्या मसाला मार्केटमधून जूनमध्ये ‘ओमान’ म्हणून स्वस्त माल यायला लागला तेव्हा जोखीम वेगळी असते. देशात विकत घेणारा आयातदार नसला तरी कलम ११२(बी) ‘जप्तीस पात्र आहे असे ज्याला ठाऊक आहे किंवा मानायला कारण आहे’ अशा खरेदीदारालाही धरते. कलम १२३ चा उलटा पुरावाभार सोने, घड्याळे यांसारख्या मोजक्या वस्तूंना आहे, खारकेला नाही. सिद्ध करणे खात्यावर. पण ‘मानायला कारण’ खाते भावातून काढते. पेठेत सगळीकडे चढता भाव आणि एकाच दलालाकडे पडता, हे कारण पुरते.

ओमानचा माल ओळखायला काही खुणा आहेत. बिल ऑफ लेडिंगवर भरण्याचे बंदर सोहारसारखे ओमानमधले दिसले पाहिजे. ‘ओमान’ माल जबल अलीतून निघाला असेल तर का, हे विचारायचे. फायटो ओमानच्या शेती खात्याचा, साध्या नमुन्यावर. पोत्यावरची छपाई आतून-बाहेरून पाहावी. उलटवलेल्या पोत्यांवर जुनी अक्षरे असतात. नवी कोरी पांढरी पोती आणि आत सुतळीचे तुकडे असतील तर माल कुठेतरी ओतून पुन्हा भरला आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या लेबलवर उगमदेश आणि आयातदाराचा परवाना क्रमांक लागतो. क्रमांक वाशीच्या बिलातल्या नावाशी जुळतो का ते पाहावे. उपवासाच्या सैंधवालाही हीच परीक्षा लागू. ते मुख्यतः पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणींचे असे.

चौकशीची वेळ आलीच तर कलम १०८ खालचा जबाब पुराव्यात जातो. तो आपल्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा, आणि कन्नड, हिंदी, इंग्रजीतला कागद न समजता सही करू नये. माल कलम ११० खाली ताब्यात घेतला तर पंचनाम्यात पोत्यांची संख्या, वजन आणि छपाई लिहून घ्यावी. पुढे कलम ११०ए खाली तात्पुरती सोडवणूक मागताना तेच लागते. उद्यमबागेतल्या फाउंड्री आणि हायड्रॉलिक कारखान्यांना परिच्छेद २.२०ए थेट लागत नाही, तो आयात आणि वाहतुकीचा आहे. पण दुबईच्या स्क्रॅपमध्ये किंवा सुट्या भागांत उगम विचारण्याची सवय त्यांनीही लावून घ्यावी.

पुढचा सौदा

व्यापाऱ्याने पुढच्या सौदापत्रात चार ओळी घातल्या. उगमदेश आणि जात: ओमान, मबसली. पाकिस्तानात उगम किंवा तिथून प्रवास आढळल्यास पुरवठादार आगाऊ रक्कम सात दिवसांत परत करील आणि परतीचा खर्च सोसेल. आगाऊ रक्कम फायटोचा मसुदा आल्यावरच. जहाज लागण्याआधी सरकारी बंदी आल्यास बंदर बदलण्यास पुरवठादाराची आगाऊ संमती. चौथी ओळ छोटी दिसते, पण त्या शुक्रवारी ती असती तर निदान दार ठोठावता आले असते.

आणि एक पंचांग. ओमानमध्ये मबसली उतरवून उकळण्याचा हंगाम जुलैच्या सुमारास, सिंधमध्ये जुलै-ऑगस्ट. वाळवून, भरून, जहाजाने नवी खारीक बेळगावच्या पेठेत पोहोचायला सप्टेंबर उजाडतो. म्हणजे गणपतीच्या पंचखाद्यात बहुधा गेल्या सालची खारीक असते. जूनमध्ये कोणी ‘नवा माल, ओमान’ म्हणून भाव सांगितला तर त्याला एवढेच विचारावे, की या वर्षी ओमानमध्ये खारीक मे महिन्यातच उकळली काय.